विसर्जन होईपर्यंत

भाऊ, तुम्ही गेलात त्याचं रडणं मी सध्या बाजूला ठेवलंय. आधी आपलं भांडण. ते अर्धवट टाकून तुम्ही उठलात, आणि भांडण अर्धवट टाकून उठणारी माणसं तुम्हालाच आवडत नसत. म्हणून बसा. दवाखाना बंद व्हायला वेळ आहे, बाहेर ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीत स्कूटरवाल्यांची नेहमीची रेटारेटी चाललीय, आणि पंख्याखालच्या बाकावरची तुमची जागा रिकामी आहे. कोणी बसत नाही तिथे. लोकांना वाटतं, मला वाईट वाटेल. मला राग येतो.

तुम्ही मला फसवलंत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे चार चांगले शब्द लिहीन त्यांनी तुम्ही खुश होऊन जाणार नाही.

चांगले शब्द लिहावे तर लागतीलच. मी दवाखाना टाकला तेव्हा इकडे कोणी फिरकत नव्हतं. रेल्वे कॉलनीत वाढलेली मी, घर बौद्ध, आणि जागा मिळाली ती ब्राह्मणपाऱ्यात, ब्राह्मणांच्या मोहल्ल्यात. लोक पाटी वाचायचे, आडनावापाशी थांबायचे आणि पुढे जायचे. तुम्ही पाटी वाचलीत आणि आत आलात. पोट दुखतंय म्हणालात. मी पोट चांगलं दाबून पाहिलं, काही सापडेना. तेव्हा तुम्ही शर्टाची बटणं लावत म्हणालात, "मले माहीत आहे काही नाही. पण मी इथून बाहेर पडलो का चार जण पाहतीन, भाऊ इथं जाते म्हणून." पुढच्या आठवड्यात बायकोला, म्हणजे काकूंना, घेऊन आलात, मग शेजारचे आले. गल्ली तुम्हाला भाऊ म्हणायची, मीही म्हणू लागले. तुम्ही मला कधी डॉक्टरीण म्हणायचात, कधी नुसतं पोट्टे. बीपी मोजून घ्यायला यायचात आणि जेवणवेळेपर्यंत बाकावर बसून राहायचात.

भोपाळपासून वेगळं होऊन आपलं हे राज्य नवं झालं तेव्हा तुम्ही तिथून बदली घेऊन वडिलांच्या घरी परत आलात. मंत्रालय एका जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत भरलं होतं आणि तुमचं टेबल, तुमच्या म्हणण्यानुसार, बाळंतिणींच्या वॉर्डात होतं. "आमच्याकडे फाइल नऊ महिन्यांशिवाय बाहेर येत नाही." हा एकच विनोद तुम्ही निवृत्तीनंतरही इतकी वर्षं सांगितलात, की बाकावरचे लोक तुमच्याआधी हसून मोकळे व्हायचे.

राजधानी झाली तसं शहर वाढलं आणि मोठी हॉस्पिटलं उभी राहिली. चांगलंच झालं, माझे किती तरी पेशंट त्यांनी वाचवले. पण तोवर आमच्या पाऱ्यातली म्हातारी माणसं घरात, आपल्या अंथरुणावर जायची. आता शेवटच्या दिवसांत अँब्युलन्स येऊ लागली आणि माणूस काचेच्या दारापलीकडे जाऊ लागला. काकूंचंही तसंच झालं. त्यांच्या नाकात नळी होती, आणि ती त्यांनी ओढू नये म्हणून हात पट्टीनं पलंगाच्या दांडीला बांधले होते. तुम्ही काचेतून ते हात पाहिलेत. घरी आल्यावर तुम्ही खूप वेळ स्वतःचं मनगट चोळत बसला होता. मी तिथेच होते.

त्यानंतर मी माझ्या म्हाताऱ्या पेशंटांना विचारायला लागले. आजार वाढला तर काय करायचं, काय नाही करायचं, आणि तुम्हाला बोलता येईनासं झालं तर तुमच्या वतीनं कोण बोलेल. प्रश्न साधे होते. पोरं म्हणायची, दीदी, शुभ शुभ बोलिए. म्हातारे पोरांच्या तोंडाकडे पाहायचे. घाबरून पोरांकडे न पाहता मला उत्तर देणारे तुम्ही पहिले.

"नळी नको. मशीन नको. हात बांधतेत थे तर बिलकुल नको. माझ्या खाटेवर, खिडकीपाशी. अन माझ्या वतीनं तू बोलजो."

मी म्हटलं, मी कशी बोलणार, तुमचा मुलगा आहे ना, अजय. तुम्ही म्हणालात, "अजय तर रडत बसीन. तू नाही रडत." मला ते कौतुक वाटलं होतं. मी तुम्हाला हे सगळं लिहून द्यायला सांगितलं, साक्षीदार आणते म्हटलं. तुम्ही हात झटकलेत. आयुष्यभर कागदच केले, कागद कसा फिरवायचा ते मला शिकवू नको म्हणालात. तुमचा भरवसा माणसावर होता. तो माणूस मी होते, म्हणून मीही जास्त ताणलं नाही. तुम्ही सगळ्यांदेखत बोलत होता, अजयसमोर, सूनबाईसमोर, बाकावरच्या प्रत्येकासमोर. मला ते पुरेसं वाटलं.

मग तुम्ही माझं काम स्वतःच करायला लागलात. कोणी म्हातारा बाकावर येऊन टेकला की तुमची चौकशी सुरू. "काय हो, तुमचं काय ठरलं? मशीन का खाट?" लोक आधी चिडायचे, मग हसायचे, मग आत येऊन खरंच बोलायचे. फक्त आपल्या गल्लीच्या तोंडाशी राहणारी म्हातारी बिसाहिन, जिला सगळे दाई, म्हणजे आई, म्हणतात, ती तुम्हाला कधी वश झाली नाही. तुम्ही विषय काढलात की ती पदर डोक्यावर ओढून "अभी नइ गा", आत्ता नको, म्हणायची आणि चपला शोधायला लागायची. तुम्ही म्हणायचात, हिला मी एक दिवस बोलती करीन.

मी दर काही महिन्यांनी तुम्हाला पुन्हा विचारायची. माणसाचं मन बदलतं, म्हणून विचारत राहावं लागतं. तेच प्रश्न, तीच तुमची उत्तरं, आणि शेवटी माझा ठरलेला प्रश्न: आणखी काही? त्यावर तुम्ही दर वेळी म्हणालात, "आणखी चहा सांग."

दर वेळी, भाऊ. म्हणजे मी विचारलं नाही असं तुम्हाला म्हणता यायचं नाही.

आता महालक्ष्म्यांचं. तुमच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसायच्या, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, तीन दिवसांच्या. पहिल्या वर्षी तुम्ही मला जेवायला बोलावलंत तेव्हा काकू जरा थबकल्या होत्या. मी ते पाहिलं आणि तुम्हीही पाहिलंत. तुम्ही माझं पान पहिल्या पंगतीत, स्वतःच्या शेजारी मांडलंत. पुढच्या वर्षी काकूंनीच मला जास्तीची पुरणपोळी वाढली. तेव्हापासून तो दिवस मी कधी चुकवला नाही. सोळा भाज्या, कढी, आंबील, वर टांगलेला फुलोरा, आणि तुम्ही माझ्या कानाशी तोंड आणून म्हणायचात, "देवीले काय कळते वं, कोणाच्या पानात किती पडलं." आपण दोघं देव न मानणारे, त्या घरातले चोर. मला तरी तसं वाटायचं. सुतकाचा विषय निघाला की तुम्ही म्हणायचात, पोट्टे, तुमच्या घरी बरं आहे, मेलेला माणूस जिवंत माणसाचं जेवण बंद करत नाही.

काकू गेल्या त्या वर्षी सुतक आलं आणि महालक्ष्म्या बसल्या नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी ऐन त्याच दिवसांत तुमचे अमरावतीचे चुलतभाऊ गेले आणि पुन्हा बसल्या नाहीत. मला एवढंच कळलं की दोन वर्षं जेवणाचं आमंत्रण आलं नाही. तुम्ही त्याबद्दल बोलला नाहीत, मीही विचारलं नाही. त्या दोन वर्षांत तुमची छाती भरून यायला लागली होती. जिना चढला की धाप, मग बोलताना धाप, मग बसल्या बसल्या. मोठ्या डॉक्टरांना दाखवून झालं होतं. फुप्फुसं थकलीत, औषधांनी आता इतकंच होईल, असं त्यांनी तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं.

मी घरी सगळी तयारी करून दिली. खाट खिडकीपाशी सरकवली. ऑक्सिजनचं यंत्र आणलं. धाप कमी करणारं औषध कधी आणि किती द्यायचं ते तुमच्या सुनेला, सुषमाला, शिकवलं. ती एका दमात तीनतीनदा विचारायची, पण शिकली. तुम्ही खाटेवरून तिला चिडवायचात, "माझ्यापेक्षा जास्त तूच धापून राहिली." आपण तिघं हसलो होतो. मला वाटलं, आता माझ्या या एका माणसाचं तरी त्याच्या मनासारखं होईल.

महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी सकाळी सुषमाचा फोन आला. मी पोचले तेव्हा घरभर तळणीचा वास होता, फुलोऱ्याच्या करंज्या चालल्या होत्या. तुम्ही खाटेवर पुढे वाकून, गुडघ्यांवर हात रोवून बसला होता. ओठ निळसर. औषध दिलं, वाट पाहिली, पुन्हा दिलं. एरवी थोड्या वेळात तुम्ही मागे टेकायचात, त्या दिवशी टेकला नाहीत. ही तीच वेळ आहे हे मला कळलं होतं आणि मला भीती वाटली नाही, कारण आपलं सगळं बोलून झालं होतं. मी तुमचा हात धरला. भाऊ, मी इथेच आहे, म्हटलं.

तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलंत. तिथे सुषमा झारा हातात धरून उभी होती. मग म्हणालात, "हास्पिटलात न्या."

मला वाटलं, धापेत घाबरलात. मी हळू आवाजात आठवण दिली. भाऊ, तिथे नेलं तर नळी घालतील. मशीन लावतील.

"लावू दे."

हात बांधतील, मी म्हटलं. हे बोलायला नको होतं असं कोणी म्हणेल, पण माझं कामच होतं ते, तुम्हीच मला दिलेलं. तुम्ही माझ्या हातातून हात सोडवून घेतलात. अजय दारात रडत उभा होता, त्याच्याकडे पाहून म्हणालात, "हिले राहू दे. गाडी काढ."

हिले राहू दे. इतक्या वर्षांच्या ओळखीत तुम्ही माझ्याबद्दल बोललेलं शेवटचं वाक्य हे.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टर होता, चांगला मुलगा. त्यानं तुमच्या कानाशी वाकून विचारलं, बाबूजी, मशीन लगाएँ? मी पायथ्याशी उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. ती नजर मला नीट आठवते, तिच्यात गोंधळ नव्हता. "लगाओ," म्हणालात. मग नळी गेली आणि तुमचं बोलणं संपलं.

दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी महालक्ष्म्या आल्या. तिसऱ्या दिवशी जेवणं झाली. अजय कपाळाला कुंकू लावून हॉस्पिटलात आला आणि सुषमानं माझ्यासाठी दिलेला डबा माझ्या हातात ठेवला. मी तो उघडला नाही, बाहेर बसलेल्या एका बाईला दिला. आत तुमचे हात पट्टीनं दांडीला बांधलेले होते, काकूंचे होते तसेच. तुम्ही नळी ओढायला जात होता म्हणून. मी त्या मनगटाला हात लावला तर तुम्ही डोळे मिटून घेतलेत.

महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं. तुम्ही तसेच होता. गणपतीच्या झाँक्या, देखाव्यांच्या मिरवणुका, निघाल्या, रस्त्यावरच्या ढोलांनी काचा हादरायच्या, आणि तुम्ही तसेच होता. मी रोज जायची. डॉक्टरांना सांगायची की या माणसाला हे नको होतं, वर्षानुवर्षं त्यांनी मला सांगितलंय. तो मुलगा अदबीनं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "मैडम, मरीज़ ने ख़ुद कहा था, मेरे सामने।" मी अजयला म्हणायची, बाबांना घरी नेऊ या, मी येते, खाटेवर झोपवू. अजय म्हणायचा, "दीदी, आप भी तो वहीं थीं। उन्होंने ख़ुद बोला, लगाओ। अब मैं कैसे निकलवाऊँ?"

त्याचं काय चुकलं? त्यानं तुमचं शेवटचं बोलणं धरून ठेवलं. बाकी सगळ्या वर्षांचं बोलणं माझ्याकडे होतं आणि ते तुम्ही एका शब्दानं खोटं पाडलं होतं. तुमच्या वतीनं बोलायला तुम्ही मला नेमलंत आणि बोलायची वेळ आली तेव्हा माझ्याच तोंडावर दार लावून घेतलंत. पितृपक्ष लागल्यावर तुम्ही गेलात, त्याच पलंगावर. तेव्हाही पट्ट्या सोडलेल्या नव्हत्या.

इकडे दवाखान्यात काय झालं ते ऐका. जे लोक तुमच्या चिडवण्यानं बोलते झाले होते ते एकेक करून फिरले. बाकावरचे गुप्ताजी म्हणाले, भाऊनं इतकं सांगून शेवटी मशीन लावलीच ना, मग आमचंही राहू द्या. एका आजीबाईंनी मला विचारलं, तुम्हीच त्यांना अडवत होता म्हणे? अडवत होते. तुम्ही मला गल्लीत आणलंत आणि तुम्हीच मला गल्लीसमोर खोटं पाडलंत. तुमच्या तेराव्याला मी आले नाही ते यामुळे. लोकांना वाटलं, दवाखान्यात गर्दी असेल.

मग परवा सुषमा आली. सगळे पेशंट गेल्यावर, दुपारची. बाकावर तुमच्या जागेकडे पाहिलं आणि माझ्या समोरच्या खुर्चीत बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटलं, गोळ्या हव्या असतील झोपेच्या.

म्हणाली, "ताई, बाबानं मले सांगतलं होतं. तुम्हाले सांगायची हिंमत नाही झाली."

तिनं जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, तिच्या शब्दांत मला अजून सहन होत नाही. तुमच्या घरात असं मानतात म्हणे, की महालक्ष्म्यांमध्ये सलग तीन वर्षं खंड पडला तर त्या घरातून जातात, पुन्हा बसवत नाहीत. दोन वर्षं पडला होता. हे तिसरं होतं. सुषमासाठी ते तीन दिवस म्हणजे काय होते ते तुम्हाला माहीत होतं आणि मला नव्हतं. एरवी त्या घरात भाजी कोणती हेसुद्धा तिला कोणी विचारत नाही. त्या तीन दिवसांत मात्र सगळे तिला विचारतात, हे कुठे ठेवू, ते कधी करू. तुम्ही महिनाभर आधी स्वयंपाकघरात तिच्यापाशी पाटावर बसलात आणि म्हणालात, मी मधातच गेलो तर सुतक येईल. तिनं गॅस बंद केला. मग तुम्ही म्हणालात, भिऊ नको, मी मधात येत नाही, विसर्जन होईपर्यंत कसंही करून राहतो.

आणि मग, भाऊ, तुम्ही तिला पुढचंही सांगितलं होतं. विसर्जन झालं की डॉक्टरीणला सांग, नळी काढायला लाव आणि मला घरी आण.

मी सुषमाला विचारलं, मग का नाही सांगितलं. तिनं आधी अजयला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, बाबा को मारने की बात मेरे सामने मत करना. त्यानंतर तिनं तोंड उघडलं नाही. मी रोज हॉस्पिटलात अजयशी वाद घालत होते आणि ती माझ्या मागे भिंतीला टेकून उभी असायची, हे मला आता आठवतं. तुम्ही अर्धा निरोप स्वतः बोललात आणि उरलेला अर्धा घरातल्या अशा माणसाजवळ ठेवलात ज्याला नाही म्हणायची सवयच कधी लागू दिली नव्हती. मंत्रालयात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला एवढं कळू नये?

शेवटी मी तो प्रश्न विचारला ज्यासाठी, मला वाटतं, ती आली होती. म्हटलं, मला का नाही सांगितलं त्यांनी? तुला सांगितलं, मला का नाही?

सुषमा माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मी म्हटलं होतं, ताईले सांगून ठेवा. तर म्हणे, तिले नको सांगू. थे शब्दाची पक्की आहे. मले जाऊ देईन."

ती गेली. भाऊ, हे वाक्य मी सगळ्या बाजूंनी पाहिलं. त्यात माझं कौतुक आहे असं कोणीही म्हणेल. मला ते कौतुक नको. तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात आणि माझ्यावर ठेवला नाहीत. तुम्हाला वाटलं, हिला एकदा सांगितलं की ही तेच धरून बसणार, हिला मधली गोष्ट कळायची नाही. की तुम्हाला वाटलं, हिच्या घरी देव नाहीत, सुतक नाही, ही हसेल? मी हसले असते का? ज्या दिवशी तुम्ही माझं पान स्वतःच्या शेजारी मांडलंत त्या दिवशी मला वाटलं होतं, मी या घरातली झाले. जेवायला झाले असेन. तुमची भीती ऐकायला मात्र मी बाहेरचीच राहिले. देवीवर आपण दोघं मिळून हसायचो, आणि त्या हसण्याच्या आड तुम्ही एक गोष्ट सांभाळून ठेवली होती, ती मला कधी दिसू दिली नाहीत. मला सगळ्यात जास्त हे लागलं. नळीपेक्षा, हिले राहू दे पेक्षा.

तुम्ही वाईट केलं असं मी म्हणत नाही. सुषमा सांगत होती, या वर्षी मुखवटे इतके हसरे दिसत होते की शेजारणी दोनदा येऊन पाहून गेल्या. ते सांगताना तिचाही चेहरा उजळला होता, आणि मग तिला लाज वाटली. त्या पोरीसाठी तुम्ही ते सोसलंत ज्याची तुम्हाला जगात सगळ्यात जास्त भीती होती. तुमच्या त्या बांधलेल्या हातांना मी मनातल्या मनात नमस्कार केला आहे, हे सांगून टाकते. पण राग त्यानं जात नाही. उलट वाढतो.

कारण सांगितलं असतं तर काय झालं असतं ते ऐका. मी स्वतः तुमच्याबरोबर गाडीत बसले असते. त्या तरुण डॉक्टरला मी सांगितलं असतं, यांना थोडे दिवस हवेत, तेवढे द्या, मग आम्ही घरी नेणार. अजयला तुमच्यासमोर, तुम्ही बोलू शकत होता तोवर, दोन्ही गोष्टी ऐकवल्या असत्या, लावायची आणि काढायचीही. गुंगीचं औषध जास्त द्यायला लावलं असतं, म्हणजे हात बांधावे लागले नसते. पूजेच्या दिवशी तुमच्या घरी मी जेवले असते आणि तुमच्या वाटणीची पुरणपोळी तुम्हाला दाखवून खाल्ली असती. आणि विसर्जन झालं त्या संध्याकाळी तुम्ही खिडकीपाशी, तुमच्या खाटेवर असता. मी रडलेही नसते. तुम्हाला हवं होतं तसं.

यातलं एकही काम अवघड नव्हतं. मी रोज असली कामं करते.

आज सकाळी बिसाहिन दाई आली होती. पायाला सूज आहे, हृदय थकलंय तिचं. मी गोळ्या बदलून दिल्या आणि उठणार इतक्यात ती स्वतःच म्हणाली, ओ भाऊ मन पूछत रिहिस, तेन पूछ. भाऊ विचारायचे ते विचार. मी चकित झाले. भाऊंनी तर मशीन लावली दाई, म्हटलं, सगळे आता नको म्हणतात. ती म्हणाली, त्यांचं त्यांच्यापाशी, तू मला विचार. मी विचारलं. हॉस्पिटल नको म्हणाली, बोलायला धाकटी मुलगी. मग सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, आणखी काही?

तिनं पदर डोक्यावर ओढला. मला वाटलं, आता चपला शोधेल.

"तीजा म बेटी मन आहीं," ती म्हणाली. "ओ बखत झन जाँव. बस."

तीजाला मुली माहेरी येतात. त्या दिवसांत मला जायचं नाही. बस एवढंच. मी म्हटलं, ठीक आहे दाई, तीजा जवळ आला आणि तब्येत बिघडली तर तेवढे दिवस निभावू, मग घरी आणू. ती "हव", हो, म्हणाली, पदर सावरला आणि गेली. जाताना तुमच्या बाकावर टेकून चपला घातल्या तिनं, तुमच्याच जागेवर, आणि तिला काही वाटलं नाही.

भाऊ, तिला मी अजून धड ओळखतही नाही. तिनं मला सांगितलं. मी पुढच्या पेशंटला थोडं थांबायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. तुम्ही म्हणाला होता ना, मी रडत नाही.